आधी घरी बसले, मग पक्ष सोडला: केंटकीतल्या एलियट काउंटीचं प्रकरण

२००८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मतदानाला उधाण आलं होतं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीला इतक्या मोठ्या प्रमाणात लोक १९६८ नंतर बाहेर पडले नव्हते. त्याच दिवशी केंटकी राज्याच्या ईशान्येकडच्या डोंगराळ एलियट काउंटीत मात्र चार वर्षांपूर्वीपेक्षा जवळपास साडेचारशे लोक कमी आले. साडेचारशे म्हणजे किरकोळ, असं आपल्याला वाटेल. पण जिथे सगळी मिळून अडीच-तीन हजार मतं पडतात, तिथे दर सात माणसांतला एकजण घरी बसला, असा त्याचा अर्थ होतो.

लक्ष गेलं ते भलतीकडेच. जवळजवळ सगळी वस्ती गोरी, सगळा मुलूख ग्रामीण, आणि तरी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बराक ओबामांना ६१ टक्के मतं! राज्यातलं सर्वांत मोठं शहर लुईव्हिल ज्या जेफरसन काउंटीत येतं, तिथेही त्यांना इतकी टक्केवारी मिळाली नव्हती. आठ वर्षांनी याच काउंटीने रिपब्लिकन पक्षाच्या डोनाल्ड ट्रम्प यांना ७० टक्के मतं दिली आणि ‘एका रात्रीत उलटलेली काउंटी’ अशी तिची ख्याती झाली. माझं म्हणणं असं की रात्र एक नव्हती. बारा वर्षं लागली. त्यातली पहिली आठ वर्षं बहुतेक लोक पक्ष बदलत नव्हते, ते मतदानालाच जाणं सोडत होते. टक्केवारीकडे पाहिलं तर हे दिसत नाही. मतं मोजली की दिसतं.

काउंटी कशी आहे

केंटकीत १२० काउंट्या आहेत, त्यामुळे ‘काउंटी’ म्हणजे आपला जिल्हा असं समजून वाचलं तर फसगत होते. एलियटचं क्षेत्रफळ साधारण सहाशे चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ७,३५४. मतदानाच्या दृष्टीने बोलायचं तर आपल्याकडच्या एखाद्या शाळेत लागून असलेल्या चार-पाच खोल्यांतली केंद्रं मिळून अख्खी काउंटी उरकेल. मुख्य ठिकाण सँडी हूक. लिटल सँडी नदीकाठचं हे छोटंसं गाव बाहेरच्यांना ठाऊक असलंच तर कंट्री संगीतातला गायक कीथ व्हिटली तिथे वाढला म्हणून.

एवढ्याशा काउंटीत निवडून द्यायची पदं मात्र भरपूर. काउंटीचा कारभारी, ज्याला तिथे ‘जज-एक्झिक्युटिव्ह’ म्हणतात, शेरिफ, काउंटी क्लार्क, सरकारी वकील, मॅजिस्ट्रेट, आणि जेलरसुद्धा. जेलर लोकांनी निवडून द्यायचा, हे अमेरिकेत फक्त केंटकीत चालतं. निम्मे उमेदवार नात्यातले, उरलेले ओळखीतले. आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जशी चुरस असते तशीच, फक्त बॅलटवर पक्षाचं नाव असतं आणि ते नाव दीडशे वर्षं एकच होतं.

ही काउंटी १८६९ मध्ये शेजारच्या कार्टर, लॉरेन्स आणि मॉर्गन काउंट्यांचे तुकडे जोडून झाली. यादवी युद्ध संपून चारच वर्षं झाली होती. जॉन मिल्टन एलियट यांच्यावरून तिचं नाव पडलं असं साधारणपणे सांगितलं जातं. हे गृहस्थ युद्धाच्या काळात दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, काँग्रेसचे सदस्य होते. नावावरूनच कल कळतो. केंटकी राज्य युद्धात उत्तरेच्या बाजूने राहिलं खरं, पण गावागावांत फूट होती. ज्या डोंगरी काउंट्यांतली पोरं उत्तरेच्या सैन्यात गेली त्या रिपब्लिकन झाल्या, आणि ज्यांचा ओढा दक्षिणेकडे होता त्या डेमोक्रॅटिक. याच डोंगररांगांतल्या जॅक्सन काउंटीने यादवी युद्धानंतर अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवाराला एकदाही कौल दिलेला नाही. एलियटने १८७२ पासून २०१२ पर्यंत सलग ३६ निवडणुकांत दुसऱ्या कुणाला दिला नाही. दोन्हीकडे तेच डोंगर, तीच गरिबी, तशीच बॅप्टिस्ट चर्चं.

ही निष्ठा किती चिवट होती, ते १९७२ आणि १९८४ मध्ये दिसलं. १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांना पन्नासपैकी एकच राज्य मिळालं, मॅसॅच्युसेट्स. १९८४ मध्ये वॉल्टर माँडेल यांनाही एकच, त्यांचं स्वतःचं मिनेसोटा. दोन्ही वेळा एलियट त्यांच्या मागे उभी होती. आपल्याकडे ‘दगड उभा केला तरी निवडून येईल’ म्हणतात, तशातला हा प्रकार.

पाच निवडणुका, पाच ओळी

आता आकडे. एकूण मतांत छोट्या पक्षांची मतंही धरली आहेत.

२००४: डेमोक्रॅटिक २,०६४, रिपब्लिकन ८७१, एकूण सुमारे २,९६०
२००८: डेमोक्रॅटिक १,५३५, रिपब्लिकन ९०२, एकूण सुमारे २,५१५
२०१२: डेमोक्रॅटिक १,१८६, रिपब्लिकन १,१२६, एकूण सुमारे २,४००
२०१६: डेमोक्रॅटिक ७४०, रिपब्लिकन २,०००, एकूण सुमारे २,८५०
२०२०: डेमोक्रॅटिक ७१२, रिपब्लिकन २,२४६, एकूण सुमारे ३,०००

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा, या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. २००४ ते २००८ या चार वर्षांत डेमोक्रॅटिक पक्षाची ५२९ मतं गेली. रिपब्लिकन पक्षाची किती वाढली? ३१. बाकीची कुठे गेली? कुठेच नाही. पक्षाने उमेदवार दिला, तो मतदाराला पटला नाही, पण आजोबांच्या पक्षाविरुद्ध बटण दाबायला हातही धजेना. मग माणूस त्या दिवशी आपल्या कामाला गेला.

दुसऱ्या टप्प्यात, २००८ ते २०१२, डेमोक्रॅटिक पक्षाची आणखी ३४९ मतं घटली आणि रिपब्लिकन पक्षाची २२४ वाढली. म्हणजे आता काही जण उंबरा ओलांडू लागले होते. एकूण मतदान तरीही घसरतच होतं. २०१२ मध्ये ओबामा इथे जिंकले ते अवघ्या ६० मतांनी. ‘अजून अभंग’ अशी परंपरा तेव्हा कागदावर राहिली, पण तिच्यातून पाणी कधीच गळू लागलं होतं.

तिसरा टप्पा २०१६. चार वर्षांत एकूण मतदान सुमारे साडेचारशेने वाढलं. इथे एक साधी वजाबाकी पुरेशी आहे आणि तिला कुठल्याही सर्वेक्षणाची गरज नाही. २०१२ मध्ये २,४०० जण आले, २०१६ मध्ये २,८५४. अगदी जुने सगळेच्या सगळे पुन्हा आले असं धरलं, कुणी वारलं नाही, कुणी गाव सोडलं नाही असंही मानलं, तरी किमान ४५४ जण असे निघतात ज्यांनी चार वर्षांपूर्वी इथे मत दिलं नव्हतं. प्रत्यक्षात ही संख्या याहून मोठीच असणार, कारण चार वर्षांत माणसं मरतात. काही त्यात नव्याने अठरा वर्षांची झालेली असतील. पण २००४ च्या गर्दीशी ताडून पाहा: तेव्हाचे २,९६० आणि २०१६ चे २,८५४. आठ वर्षं रिकामी राहिलेली जागा जवळजवळ तेवढीच भरून आली.

इथे स्वतःलाच जरा लगाम घालून घेतो. काउंटीच्या बेरजेवरून अमुक माणसाने काय केलं ते सिद्ध होत नाही. ५२९ मतं गेली आणि ३१ वाढली, म्हणजे ५०० जण घरीच बसले, असं थेट म्हणता येत नाही. काही जुने मतदार वारले, काही नवे आले, काहींनी एका बाजूने दुसरीकडे आणि दुसऱ्यांनी उलट उड्या मारल्या, आणि त्या बेरजेत एकमेकांना खाऊन गेल्या, हे शक्य आहे. विशेषतः ‘वारले’ हा मुद्दा हलका नाही. डेमोक्रॅटिक अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात तरुण असलेली पिढी २००४ मध्ये ऐंशी-नव्वदीत होती, आणि तिची मतं कायमची कबरस्तानात गेली. पण नुसत्या मृत्यूंनी हे सगळं उलगडत नाही, कारण मेलेली माणसं २०१६ मध्ये परत येत नाहीत. गर्दी तर परत आली.

टक्केवारीने कसं फसवलं

मतदानाची टक्केवारी काढायची तर भागायचं कशाने, हा प्रश्न येतो. एलियटमध्ये तो फार अवघड आहे, आणि त्याचं कारण एक तुरुंग आहे.

२००० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या ६,७४८ होती. २०१० मध्ये ती ७,८५२ झाली. दहा वर्षांत १,१०४ माणसं वाढली. तरुण रोजगारासाठी बाहेर पडतात अशा अ‍ॅपलेशियाच्या डोंगरात ही वाढ पाहून कुणालाही नवल वाटेल. झालं होतं एवढंच, की २००५ मध्ये सँडी हूकजवळ राज्य सरकारचा लिटल सँडी तुरुंग सुरू झाला. त्यात साधारण हजारभर कैदी. अमेरिकेची जनगणना कैद्याला तो जिथे बंद आहे तिथला रहिवासी म्हणून मोजते. केंटकीच्या राज्यघटनेप्रमाणे मोठ्या गुन्ह्यातल्या शिक्षा झालेल्या माणसाला मताधिकार नसतो, सुटल्यानंतरही तो आपोआप मिळत नाही.

म्हणजे भागाकाराच्या खालच्या आकड्यात हजार माणसं अशी, की त्यांना मतपेटीपर्यंत जाताच येत नाही. प्रौढ लोकसंख्येने भागून कुणी २००४ आणि २००८ ची तुलना केली, तर तुरुंग उघडल्यामुळेच टक्केवारी पडलेली दिसेल. अशी तुलना करून ‘ग्रामीण उदासीनता’ वगैरे निष्कर्ष काढणारे लेख वाचले की माझा हात कपाळाला जातो. म्हणून वर मी टक्केवारी न देता सरळ मतं दिली. मतं घटली ती खरीच घटली. खालचा आकडा फुगला हा वेगळा विषय.

नोंदणीकृत मतदारांनी भागावं, तर तिथेही पोतडी भरलेली. मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं केंटकीच्या याद्यांत वर्षानुवर्षं पडून होती. २०१७ मध्ये त्यावरून केंद्रीय न्यायालयात दावा झाला आणि २०१८ मध्ये तडजोड होऊन यादी साफ करण्याचं राज्याने कबूल केलं. यादी साफ झाली की मतदानाची टक्केवारी एक माणूसही न वाढता वाढते.

कैद्यांच्या मताधिकारावरून केंटकीत एक वेगळंच राजकारण चालू होतं. २०१५ च्या नोव्हेंबरात मावळते डेमोक्रॅटिक गव्हर्नर स्टीव्ह बेशियर यांनी शिक्षा पूर्ण केलेल्या, हिंसेच्या गुन्ह्यात नसलेल्यांना मताधिकार परत देण्याचा आदेश काढला. महिनाभरातच नवे रिपब्लिकन गव्हर्नर मॅट बेव्हिन यांनी तो रद्द केला. २०१९ च्या डिसेंबरात बेशियर यांचा मुलगा अँडी बेशियर गव्हर्नर झाला आणि त्याने पहिल्याच आठवड्यात तसाच आदेश पुन्हा काढला. राज्यभरात सव्वा लाखाहून अधिक लोकांना त्याने मताधिकार मिळाला. एलियटमधल्या तुरुंगातल्यांना अर्थातच नाही, ते अजून आत होते.

सहाला दार बंद

मतदान कमी झालं की पहिला संशय व्यवस्थेवर जातो, आणि तो तपासायलाच हवा. केंटकीत मतदान सकाळी सहाला सुरू होतं आणि संध्याकाळी सहाला संपतं. अमेरिकेत इतक्या लवकर केंद्रं बंद करणारी राज्यं फार थोडी. सँडी हूकहून अ‍ॅशलँडच्या पोलाद कारखान्यात किंवा तेलशुद्धीकरण प्रकल्पात कामाला जाणाऱ्याचा रस्ता डोंगरातून तासाभराचा असायचा. दिवसपाळी संपवून परत येईपर्यंत दार बंद. राज्यघटनेत मतदानासाठी कामावरून चार तासांची मोकळीक लिहिलेली आहे, पण पगारावर पाणी सोडून ती कितीजण घेतात? २०२१ च्या कायद्यापर्यंत कारणाशिवाय आधी मतदान करण्याची सोयही नव्हती. आता निवडणुकीच्या आधीचे गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार मिळतात.

ही अडचण खरी आहे. पण ती २००४ मध्येही होती, २००८ मध्येही, २०१६ मध्येही. घड्याळ तेच होतं, रस्ता तोच होता. जी गोष्ट बदललीच नाही, तिच्याने चढ-उतार समजत नाही. २०२० मध्ये करोनामुळे टपालाने आणि आधी मत देण्याची मुभा मिळाली, तेव्हा २०१६ पेक्षा फक्त दीडशेच्या आत मतं वाढली. ज्याला यायचं होतं तो सहाच्या आत येतच होता.

तंबाखूची कोठारं

मग बदललं काय? यासाठी तंबाखूकडे जावं लागतं.

या भागातला तंबाखू ‘बर्ली’ जातीचा. तो भट्टीत नाही, वाऱ्यावर सुकवतात. ऑगस्टच्या शेवटी अख्खं झाड बुंध्यापाशी कापायचं, टोकदार टोपी लावलेल्या काठीत पाच-सहा झाडं ओवायची, आणि उंच लाकडी कोठारात आडव्या वाशांवर एकावर एक अशा माळ्यांत टांगायची. वरच्या वाशावर पाय फाकून उभा राहणारा बहुधा घरातला पोरगा. थंडीत हवेतला दमटपणा पानात उतरला, पान कुरकुरीत राहिलं नाही, की मग ती उतरवून प्रतीप्रमाणे पानं खुडायची. लिलावाचा पैसा नाताळच्या सुमाराला हातात. पोरांचे बूट, गाडीचा हप्ता, दुकानदाराची उधारी, सगळं त्याच पैशावर.

पीक एवढ्याशा डोंगरी तुकड्यांवर परवडायचं, कारण भाव सांभाळलेला होता. रूझवेल्ट यांच्या काळातल्या १९३८ च्या कायद्याने प्रत्येक शेताला कोटा ठरवून दिला. तिथले लोक त्याला ‘बेस’ म्हणत. बेस जमिनीला चिकटलेला, तो जमिनीसोबत वारसाने यायचा. मालाला किमान भाव. आणि दर तीन वर्षांनी शेतकरी स्वतः मतदान करून ही योजना चालू ठेवायची की नाही ते ठरवायचे. म्हणजे रूझवेल्ट यांच्या धोरणाला एलियटचा शेतकरी नोव्हेंबरात पक्षाच्या नावावर मत द्यायचा, आणि तीन वर्षांतून एकदा थेट तंबाखूच्या नावावरही. सरकार आणि घरखर्च यांच्यातला दुवा इतका उघडा होता, की निष्ठेला स्मरणाची गरज नव्हती.

२००४ च्या ऑक्टोबरात ही योजना संपवणारा कायदा झाला. भरपाई म्हणून कोटा असणाऱ्याला पौंडामागे सात डॉलर, पिकवणाऱ्याला तीन, दहा वर्षांच्या हप्त्यांत. सही रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश यांची. अकराच दिवसांनी त्याच बुश यांना एलियटने ८७१ मतं दिली आणि जॉन केरी यांना २,०६४. मदत घेतली, मत दिलं नाही! हप्ते २०१४ मध्ये संपले. छोट्या शेतकऱ्यांनी तंबाखू मधल्या काळात सोडून दिला होता, आणि आता चेकही बंद. २०१५ च्या डिसेंबरात अ‍ॅशलँडच्या पोलाद कारखान्याची झोतभट्टी थंड झाली. सहाशेहून जास्त माणसं कामाविना. तिथली युनियन हा डेमोक्रॅटिक पक्षाशी बांधणारा दुसरा दोर होता.

तंबाखूमुळे ट्रम्प आले, असं म्हणणं बाळबोध होईल. शेजारच्या काउंट्यांतही तंबाखू होता आणि त्या आधीच वळल्या होत्या. पण निष्ठा टिकवणारं जे खत होतं ते संपलं, मुळं नुसती जुन्या ओलीवर तग धरून राहिली, एवढं म्हणायला हरकत नाही.

वंशाचं काय?

हा प्रश्न टाळून एलियटबद्दल लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. २००८ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत केंटकीच्या डेमोक्रॅट मतदारांनी हिलरी क्लिंटन यांना ६५ टक्क्यांवर आणि ओबामा यांना तीसच्या आसपास मतं दिली. पूर्वेकडच्या डोंगरी काउंट्यांत निकाल याहून कितीतरी एकतर्फी होता. २०१२ मध्ये तर पदावर असलेल्या अध्यक्षाविरुद्ध ‘कुणालाही नाही’ या पर्यायाला राज्यभर ४२ टक्के मतं पडली. २००८ मध्ये जे पाचशे डेमोक्रॅट नाहीसे झाले, त्यातल्या अनेकांना उमेदवाराचा रंग खटकला असणार, असं मला वाटतं.

पण त्याच काउंटीत १,५३५ जणांनी, म्हणजे येणाऱ्यांतल्या बहुसंख्यांनी, त्याच उमेदवाराला मत दिलं. आणि २०१६ मध्ये उमेदवार गोऱ्या होत्या. त्यातून त्याच हिलरी क्लिंटन, ज्यांना आठ वर्षांपूर्वी या डोंगरांनी डोक्यावर घेतलं होतं. त्यांना इथे अध्यक्षपदासाठी ७४० मतं पडली. त्या वर्षी मार्चमध्ये ओहायोतल्या एका कार्यक्रमात कोळसा खाणी आणि खाणकामगारांचा धंदा बंद होईल अशा अर्थाचं त्या बोलून गेल्या. वाक्याचा पुढचा भाग कामगारांना वाऱ्यावर सोडायचं नाही असा होता, पण तो कुणी ऐकला नाही. एलियट तशी कोळशाची काउंटी नाही, पण कोळसा, रेल्वे आणि पोलाद हे एकाच साखळीतले धंदे.

त्याआधीच्या वर्षी पश्चिमेच्या शेजारी, रोवन काउंटीत, समलिंगी विवाहांचे परवाने द्यायला नकार देणाऱ्या काउंटी क्लार्क किम डेव्हिस तुरुंगात गेल्या आणि देशभर गाजल्या. त्या निवडून आल्या होत्या डेमोक्रॅट म्हणून. सुटल्यानंतर महिन्याभरात त्यांनी पक्ष बदलला. वॉशिंग्टनमधला पक्ष आणि सँडी हूकमधला पक्ष, दोघांचं नाव एकच, पण माणसं दोन वेगळ्या चर्चमधली, हे तोवर लपण्यासारखं राहिलं नव्हतं.

एकाच कागदावर दोन मनं

केंटकीच्या मतपत्रिकेवर सर्वांत वर ‘सरळ पक्ष’ असा रकाना असतो. तिथे एक खूण केली की खालच्या सगळ्या पदांना त्याच पक्षाचे उमेदवार. अशी सोय आता मोजक्याच राज्यांत उरली आहे. पिढ्यान्‌पिढ्या एलियटकरांना खाली वाचायची गरजच नव्हती.

२०१६ मध्ये मात्र खाली उतरून खुणा कराव्या लागल्या. कारण त्याच कागदावर रॉकी अ‍ॅडकिन्स होते. हे सँडी हूकचे, १९८७ पासून राज्याच्या प्रतिनिधीगृहात, डेमोक्रॅटिक पक्षाचे तिथले नेते. गर्भपाताला विरोध, शिक्षकांच्या पेन्शनला पाठिंबा, कोळशाच्या बाजूने. त्यांना लोकांनी पुन्हा निवडून दिलं, आणि अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना दोन हजार मतं. एका हातात दोन खुणा. त्या रात्री केंटकीचं प्रतिनिधीगृह १९२१ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन पक्षाकडे गेलं, आणि बहुमताचे नेते अ‍ॅडकिन्स अल्पमताचे नेते झाले.

तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, गव्हर्नरची निवडणूक. ती केंटकीत विषम वर्षी येते, अध्यक्षपदाच्या गाजावाजापासून दूर. अ‍ॅडकिन्स पक्षांतर्गत लढतीत उभे राहिले, दुसरे आले. नोव्हेंबरात अँडी बेशियर उभे होते बेव्हिन यांच्याविरुद्ध. शिक्षकांच्या पेन्शनवरून बेव्हिन यांनी शाळांशी उभा दावा मांडला होता, आणि अशा काउंटीत शाळा म्हणजे पगार देणारं सर्वांत मोठं ठिकाण. राज्यभर मतदान २०१५ च्या तीस टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. बेशियर ५,१३६ मतांनी जिंकले, आणि त्यांना कौल देणाऱ्या काउंट्यांत एलियट होती. तीन वर्षांपूर्वी ट्रम्प यांना ७० टक्के देणारी तीच.

मतदार गोंधळलेला नाही, हेच त्यातून दिसतं. वॉशिंग्टनचं मत त्याने एका मापाने दिलं, फ्रँकफर्टचं, म्हणजे राज्याच्या राजधानीचं, दुसऱ्या मापाने. आणि दोन्ही वेळी तो आला. २००८ आणि २०१२ मध्ये तो गैरहजर होता, कारण तेव्हा त्याच्याजवळ एकच माप होतं आणि ते उमेदवाराला बसत नव्हतं.

हे दुसरं मापही फार काळ टिकलं नाही. अ‍ॅडकिन्स बेशियर यांचे सल्लागार म्हणून गेले, जागा रिकामी झाली, आणि २०२० च्या फेब्रुवारीतल्या पोटनिवडणुकीत ती रिपब्लिकन रिचर्ड व्हाइट यांनी घेतली. तेहतीस वर्षं जो माणूस निवडून येत होता तो पक्षामुळे नव्हे, स्वतःच्या नावामुळे, हे तो गेल्यावर कळलं.

सर्वांत शेवटी बदलते ती नोंदणी. केंटकीत मे महिन्यातल्या पक्षांतर्गत निवडणुकीत फक्त त्या पक्षाचा नोंदणीकृत मतदारच भाग घेऊ शकतो. एलियटमध्ये शेरिफ, जेलर, क्लार्क हे सगळे मेमध्येच ठरायचे. नोव्हेंबर नुसता शिक्का. त्यामुळे ट्रम्प यांना मत देणाऱ्यालाही डेमोक्रॅट म्हणून नोंद ठेवणं भाग, नाहीतर चुलतभाऊ जेलरला उभा असताना मत कसं देणार? पक्ष बदलायचा तर आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या आत अर्ज करावा लागतो, नंतर केला तर मे हुकला. राज्यात रिपब्लिकन नोंदणी डेमोक्रॅटिक नोंदणीच्या पुढे गेली ती २०२२ च्या जुलैत. एलियटमधला माणूस त्या वेळेपर्यंत अध्यक्षपदासाठी दोनदा ट्रम्प यांना मत देऊन आला होता, आणि क्लार्कच्या ऑफिसातल्या यादीत त्याच्या नावापुढे बहुधा अजून आजोबांचाच पक्ष होता.